वाट पाहणाऱ्याजवळ बसताना

हा मजकूर एका बैठकीत संपवायची गरज नाही. वाटेल तिथे थांबा, उठून पाणी प्या, गॅलरीत जाऊन या. पाठ टेकून बसलात तरी चालेल. मांडी घालायलाच हवी असं काही नाही. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. तो मोजू नका, लांबवू नका. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा. आपण ज्यांच्या घरी निघालो आहोत तिथली माणसं वर्षानुवर्षं एका निरोपाची वाट पाहत बसलेली आहेत. तिथे आपली घंटी वाजणं बरं दिसणार नाही.

मनन करायचं आहे ते युद्धात गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या दुःखाचं, आणि त्यातही न ओसरणाऱ्या दुःखाचं. दहाव्याला, तेराव्याला, वर्षश्राद्धाला जे आवरत नाही; पाहुणे निघून गेले, पेन्शनची कागदपत्रं झाली, चौकाला नाव दिलं गेलं, तरी जे जिथल्या तिथे असतं, ते. कदाचित असं दुःख तुमच्या घरात आहे. कदाचित ते तुमचंच आहे. तसं असेल तर लगेच त्याच्याकडे वळू नका. ते कुठे जात नाही. आधी जरा लांबच्या घरी जाऊन येऊ.

बुधवार, १४ जानेवारी १७६१. संक्रांतीचे दिवस.

पानिपतावर त्या दिवशी काय झालं हे मराठी माणसाला सांगायला नको. विश्वासराव गोळी लागून पडले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. एवढं आपण शाळेतच शिकलो. ही तारीख निघाली की आपलं मन थेट रणांगणावर जातं. आज त्याला तिकडे जाऊ देऊ नका. त्याच संध्याकाळी पुण्यात या.

पुण्यात ते सणाचे दिवस होते. पेठांतल्या घरोघरी तिळगूळ झाला असेल, सुगडं पुजली असतील, बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला गेल्या असतील. ज्यांचे नवरे दुपारीच पडले होते, त्याही. जासूद कितीही तेज असला तरी एवढा पल्ला गाठायला त्याला दिवस लागत. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन स्वतः उत्तरेकडे निघाले होते; त्यांना भेलशाच्या आसपास बातमी मिळाली तेव्हा जानेवारीचा शेवटचा आठवडा लागला होता. पुणं तर तिथून आणखी किती लांब.

म्हणजे त्या सगळ्या दिवसांत देशावरच्या आणि कोकणातल्या घरांत ती माणसं जिवंत होती. आई त्यांच्यासाठी नवस बोलत होती. बायको त्यांचा अंगरखा उन्हात घालून पुन्हा घडी करून ठेवत होती. मुलं बाबा काय आणतील यावर भांडत होती.

या दिवसांपाशी थांबा. युद्धातल्या जवळजवळ प्रत्येक मृत्यूच्या मागे असे काही दिवस, निदान काही तास असतात. पुढे तार आली, मग फोन आला. अंतर कमी झालं, पण बुजलं नाही. ज्या आईला मुलगा गेल्याचं तीन तासांनी कळतं, तिला ते तीन तास आयुष्यभर पुरतात. तेव्हा मी काय करत होते? कुकर लावत होते. शेजारणीशी हसत होते. त्या हसण्याची शिक्षा ती स्वतःला कितीतरी वर्षं देत राहते, आणि बहुधा कुणाला सांगत नाही.

तुमच्यापाशी असा एखादा तास असेल तर त्याला आत्ता येऊ द्या. त्याला समजावायला जाऊ नका. 'यात तुझा काय दोष' असंही म्हणू नका, ते त्याने पुष्कळदा ऐकलं आहे. फक्त त्या तासातली खोली आठवा. उजेड कुठून येत होता. काय शिजत होतं. कुणाचा आवाज कानावर पडत होता. तुमचं माणूस तेव्हा जगात नव्हतं, आणि तुमच्या घरात होतं. तुम्ही हसलात ते त्या घरात.

एक श्वास घ्या. सोडा. घाई नाही.

आता पार्वतीबाईंकडे येऊ. सदाशिवरावभाऊंच्या या पत्नी त्या संक्रांतीला पुण्यात नव्हत्या. फौजेबरोबर गेलेल्या बायकांत त्या होत्या. पळापळीत जानू भिंताड्यासारख्या निष्ठावंत माणसांनी त्यांना बाहेर काढलं म्हणून त्या जिवंत परतल्या. बातमीसाठी त्यांना जासुदाची गरज नव्हती. पराभव त्यांनी स्वतः पाहिला होता. तरीही नवरा गेला हे त्यांनी मानलं नाही. कुंकू पुसलं नाही. अखेरपर्यंत त्या सवाष्ण म्हणून राहिल्या.

पुढच्यांनी याला आपापल्या सोयीची नावं दिली. कुणी पातिव्रत्य म्हटलं, कुणी भ्रम. मला दोन्ही नावं घाईची वाटतात. त्यांच्या हाताशी काय होतं ते आधी पाहू. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने फारसीत लिहून ठेवलं आहे, की नंतर रणात शिर नसलेलं एक धड सापडलं, अंगावरच्या खुणांवरून ते भाऊंचं ठरवलं गेलं आणि त्याला अग्नी दिला गेला. पण हे शत्रूच्या छावणीत, परक्यांच्या डोळ्यांदेखत. पार्वतीबाईंनी तो चेहरा पाहिला नाही. त्या कपाळाला हात लावला नाही.

आपल्याकडे लांबचा मुलगा पोहोचेपर्यंत प्रेत ठेवतात. घरातल्या बायकांना मुखदर्शन घेऊ देतात. बाहेरच्याला हा खोळंबा वाटतो, पण त्यात फार जुनं शहाणपण आहे. मृत्यू ऐकून पटत नाही. पाहूनही अर्धाच पटतो. गार पडलेल्या पायांवर डोकं टेकवल्यावर, बोटांना तो गारठा लागल्यावर कुठे आतलं माणूस मान्य करायला लागतं. युद्ध नेमकं एवढंच हिरावून घेतं. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आयएनएस खुकरी दीवजवळच्या समुद्रात बुडाली. तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवला त्यांचं स्मारक आहे. तिथे उभं राहून नातेवाइकांना समुद्राकडे बघता येतं. त्यापलीकडे हाताला काही लागत नाही.

तेव्हा पार्वतीबाईंबद्दल काही ठरवू नका. नुसतं त्यांच्यासमोर बसा. एक बाई आहे. कपाळावर कुंकू आहे. ती खालच्या आवाजात बोलते आहे, किंवा बोलत नाही. तुमच्या मनात काय उमटतं ते पाहा. दया? चीड? 'कुणीतरी हिला सांगायला हवं' अशी चुळबुळ? ती चुळबुळ नीट निरखा. ती तिच्यासाठी आहे की तुमच्यासाठी?

मला वाटतं, ती बरीचशी आपल्यासाठी असते. पेशव्यांच्या वाड्यात पुढच्या वर्षी पुन्हा संक्रांत आली असेल. तोवर घराघरांत विधवा झालेल्या. हळदीकुंकवाला पार्वतीबाईंना बोलवायचं की नाही? बोलवावं तर अपशकुनाची भीती, न बोलवावं तर त्या नवऱ्याला मेलेला धरला असं होतं. ज्या माणसाचा निकाल लागलेला नाही त्याच्या बायकोला कुठल्या रांगेत बसवावं हे समाजाला उमगत नाही, म्हणून समाज तिला म्हणतो, बाई, तू एकदाचं ठरव. आपली अडचण आपण तिच्या दुःखाच्या नावावर खपवतो. ही रांगच मोडली तर? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. पानिपतापासून २६१ वर्षांनी. कपाळ बघून बाईचं दुःख मोजायचं नाही, हे गावसभेत ठरवावं लागलं.

त्याच वाड्यात दुसरं दुःख होतं, आणि त्यात संशयाला जागा नव्हती. विश्वासरावांचा देह सापडला होता. नानासाहेब हा मुलगा आणि भाऊ यांच्या पाठोपाठ फार दिवस राहिले नाहीत. २३ जून १७६१ ला पर्वतीवर ते गेले. विश्वासरावांच्या आई गोपिकाबाई मात्र १७८८ पर्यंत जगल्या. मधल्या काळात माधवराव थेऊरला क्षयाने गेले, नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. नाशिकजवळ गंगापूरला त्या राहत. एका बाईने तीन मुलगे घालवून इतकी वर्षं कशी काढली, याचा विचार करताना माझं मन नेहमी एका जागी अडतं, आणि तिथून पुढे जायचा आग्रह मी धरत नाही. तुम्हीही धरू नका. पुष्कळ वेळा कडेला उभं राहणं एवढंच आपल्याला शक्य असतं.

पुढचा भाग जरा अवघड आहे. हवं तर आधी डोळे मिटून थोडं बसा.

पानिपताच्या वेळी नाना फडणवीस अठरा वर्षांचे होते. तेही फौजेबरोबर गेले होते, आई आणि बायकोसह. ते वाचले, बायको वाचली. आई परतली नाही. आपल्या छोट्याशा आत्मवृत्तात नानांनी त्या पळापळीची हकिगत लिहिली आहे.

पंधरा वर्षांनी हेच नाना पेशवाईचा कारभार पाहत होते, आणि त्यांच्यापुढे एक माणूस उभा करण्यात आला. तो म्हणत होता, मी सदाशिवरावभाऊ. बुंदेलखंडाकडचा हा कनोजी ब्राह्मण, सुखनिधान. माधवरावांच्या काळातच त्याची चौकशी होऊन तो तोतया ठरला होता आणि किल्ल्यावर कैदेत होता. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या अंमलदाराने त्याला सोडलं आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याला मिळत गेले. महादजी शिंद्यांना त्याच्यावर चालून जावं लागलं. शेवटी रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडलं, पुण्यात त्याची पुन्हा चौकशी झाली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याला मारण्यात आलं. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं.

तोतयाच्या मागे गेलेल्यांत संधिसाधू होतेच. कारभाऱ्यांवर राग असलेले होते. पण सगळे तसे नव्हते. ज्यांचा बाप, भाऊ, दीर पंधरा वर्षांपूर्वी त्याच गर्दीत दिसेनासा झाला होता, त्यांना हा माणूस खरा ठरायला हवा होता. भाऊ परतले असतील तर आपलाही परतू शकतो. मला हे बंड राज्यकारभारातल्या कटापेक्षा एका अख्ख्या मुलखाच्या न झालेल्या सुतकासारखं दिसतं. आणि अशी आशा जिथे असते तिथे तिचा बाजार मांडणारेही येतात. आजही येतात. बेपत्ता जवानाच्या घरी ज्योतिषी येतो, दलाल येतो, 'पलीकडच्या तुरुंगात पाहिलाय' असं सांगणारा येतो. त्यांची चीड येणं योग्यच आहे. पण ती चीड वाट पाहणाऱ्यावर निघू नये.

आता त्या सभेत मागच्या बाजूला जाऊन बसा. पुढे आरोपी आहे. निकाल ज्याच्या हाती आहे त्याची आई त्याच रणात हरवली आहे. हा माणूस खरा नाही हे त्याला ठाऊक आहे आणि तसं सांगणं त्याचं काम आहे. बाहेर लोक थांबले आहेत, ज्यांना वेगळंच ऐकायचं आहे. तुमचं मन या सभेत कुठे जाऊन बसतं? निकाल देणाऱ्यापाशी, की बाहेरच्यांपाशी? जिथे बसेल तिथे बसू द्या.

हे सगळं फार जुनं वाटत असेल तर अलीकडे येऊ. ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोटवरच्या हवाई हल्ल्यात गेलेले फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच दिवसांत ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं आली, आणि त्यांत या आडनावाशी जुळणारं एक नाव होतं. पुढे भारताने ९३,००० युद्धकैदी परत पाठवले. न परतलेल्या भारतीयांची जी यादी पुढे ५४ नावांची म्हणून ओळखली गेली, तिच्यातलं कुणीही आपल्याकडे असल्याचं पाकिस्तानने मान्य केलं नाही. नातेवाइकांना १९८३ मध्ये आणि मग २००७ मध्ये तिथले तुरुंग पाहू दिले. हाती काही लागलं नाही. दमयंतीबाईंनी पुन्हा लग्न केलं नाही. नोकरी केली, खेळाडू घडवले, आणि दशकानुदशकं दिल्लीतल्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले.

इथे भ्रम म्हणून हात झटकता येत नाहीत. छापलेलं नाव होतं. आशेला कागदाचा आधार होता. आणि अशा घरात रोज दोन दिवस उगवतात: एक तो गेला असं धरून चालायचा, दुसरा तो दार वाजवेल म्हणून कान देऊन बसायचा.

त्याच दशकात अमेरिकेत पॉलिन बॉस या संशोधक व्हिएतनाम आणि लाओसवर बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांना भेटत होत्या. माणूस गेला की आहे हेच कळत नाही अशा या नुकसानीला त्यांनी स्वतंत्र नाव दिलं आणि पुढे आयुष्यभर तिच्यावर काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अशा घरांना एका उत्तरावर आणायचा हट्ट सोडावा. 'तो बहुधा गेला' आणि 'तो कदाचित असेल' ही दोन्ही वाक्यं एकाच डोक्यात राहू शकतात. त्रास वाक्यांचा तेवढा नसतो, जेवढा एक वाक्य मारून टाकण्याच्या सक्तीचा असतो.

हे करून पाहू या का? तुमचं माणूस बेपत्ता नसेल, डोळ्यांसमोर गेलेलं असेल, तरीही करून पाहा. कारण डोळ्यांसमोर गेलेल्यालाही मनाचा एक कोपरा गेलेला मानत नाही. श्वास आत घेताना मनात म्हणा: तो गेला. बाहेर सोडताना म्हणा: तो माझ्यापाशी आहे. दोन्हींत भांडण लागलं तर मध्ये पडू नका. एखाद्या वेळी पहिलं वाक्य उच्चारवणारच नाही. तर सोडून द्या, दुसरंच म्हणा. पाच-सहा श्वास पुरेत. रडू आलं तर येऊ दे. रडू आलं नाही म्हणून प्रेम कमी, असंही काही नसतं.

आपल्या धर्मशास्त्रात या दुहेरी अवस्थेची आश्चर्यकारक जाण आहे. ज्याचा देह मिळाला नाही त्याच्यासाठी पालाशविधी सांगितला आहे: पळसाच्या पानांची, बहुतेक ठिकाणी ३६० पानांची, मनुष्याकृती करायची आणि तिला अग्नी द्यायचा. बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबून हा विधी करण्याची रूढी आहे. (कायदा त्यामानाने घाईत असतो, १८७२ च्या पुरावा कायद्याने सात वर्षं धरली, तीच २०२३ च्या नव्या कायद्यातही आली.) पण खरी गंमत पुढे आहे. विधी झाला आणि नंतर माणूस परत आला, तर? भारतरत्न पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात याचीही नोंद घेतली आहे. अशा माणसाला तुपाच्या कुंभातून जणू नव्याने जन्माला आणायचं, न्हाऊ घालायचं, जातकर्मापासून त्याचे संस्कार पुन्हा करायचे आणि त्याने आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं.

किती शांतपणे हे लिहून ठेवलं आहे. क्रियाकर्म करा, पिंड द्या, आणि तरीही तो आलाच तर काय करायचं ते माहीत असू द्या. ज्या आईला वाटतं की पानांना अग्नी दिला तर आपण आपल्या मुलाला मारलं, तिला हे सांगण्यासारखं आहे. विधी केल्याने दाराला कडी लागत नाही. आणि पलीकडेही आयुष्य असू शकतं. बलुचिस्तानात डेरा बुगटीच्या भागात स्वतःला पानिपतावरून नेलेल्या मराठ्यांचे वंशज म्हणवणारा समाज आहे, त्यांच्यात ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पुण्यात कुणी ज्यांची वाट पाहत होतं त्यांच्यातल्या काहींनी दूर कुठेतरी लग्नं केली असतील, मुलं वाढवली असतील. वाट पाहणारे सगळेच वेडे नव्हते.

मग दुःख लांबलं की त्याला आजार म्हणायचं का? आता म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, लांबलेल्या शोकाचा विकार आला आहे. तिथे मुदत किमान सहा महिन्यांची आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या त्याच वर्षीच्या ग्रंथात मोठ्या माणसांसाठी ती एक वर्षाची आहे. पहिल्यांदा हे वाचलं की राग येतो. आमच्याकडे पहिल्या वर्षात सणसुद्धा करत नाहीत, आणि हे सहा महिन्यांत आजार ठरवणार? पण व्याख्या पुढे वाचावी. नुसते महिने मोजलेले नाहीत. ओढ इतकी, की दिवसाचा बहुतेक भाग तिनेच व्यापलेला. वेदना इतकी, की जेवण, झोप, काम, मुलंबाळं सगळं सुटत चाललेलं. आणि त्या समाजात जेवढं लांबणं रीतीचं मानतात त्याच्याही पलीकडे गेलेलं. हे तिन्ही एकत्र असेल तर. या अर्थाने पार्वतीबाई आजारी होत्या असं मी म्हणणार नाही, दमयंतीबाई तर नक्कीच नव्हत्या. दुःख धरून माणूस उभं राहू शकतं. पण एखादं माणूस उभंच राहू शकत नसेल, तर त्याला निष्ठेचं नाव देऊन तसंच पडू देणं हा क्रूरपणा आहे. त्याला इलाज आहे. न्यूयॉर्कमध्ये कॅथरीन शिअर यांनी बसवलेल्या उपचारात साधारण १६ बैठका असतात. त्यांत ती बातमी आली त्या वेळची हकिगत डोळे मिटून मोठ्याने सांगायची असते, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, जवळ कुणी असताना. जिथे जायचं टाळलं त्या जागी हळूहळू जायचं असतं. गेलेल्या माणसाशी कल्पनेत बोलायचं असतं. तुम्हाला स्वतःला काय हवं आहे, हेही बोलायचं असतं; ते बहुतेकांना सगळ्यांत जड जातं.

थोडं तेच आपण इथे करू. एकट्याने नको वाटत असेल तर पान मिटून ठेवा आणि कुणी घरात असताना पुन्हा काढा.

त्याची एखादी वस्तू मनात आणा. पदक नको, फोटो नको. वापरातली: तुटक्या बंदाचं घड्याळ, पाठवलेलं पाकीट, चप्पल. तिच्यावर तुमचं लक्ष ठेवा. ती कुठे ठेवली आहे. तिच्यावर धूळ आहे का. ती तुम्ही शेवटची कधी हातात घेतली. आता मनातल्या मनात त्याला एक अगदी फालतू गोष्ट सांगा, जी तो असता तर सांगितली असतीत. गावातला रस्ता झाला. बहिणीच्या मुलाला दहावीला अमुक मार्क मिळाले. म्हैस व्यायली. मोठ्या गोष्टी सांगू नका. 'तुझ्याविना कसं जगतोय' वगैरे आज राहू दे. युद्धात गेलेल्या माणसाशी सगळं जग मोठ्या आवाजात बोलतं, भाषणं होतात, पुष्पचक्रं होतात. त्याच्याशी लहान आवाजात बोलणारं कुणी उरत नाही. ते तुम्ही करा.

झालं की उठा. पाय मोकळे करा. काहीतरी खा. गेलेल्याच्या नावाने उपाशी राहण्याची सवय लागली असेल तर आज एक घास जास्त खा, आणि त्याबद्दल अपराधी वाटलं तर वाटू द्या, पण घास खा.

आणि ज्यांचं कुणी गेलेलं नाही, पण शेजारच्या घरातलं गेलं आहे, त्यांना एवढंच: पहिल्या वर्षी त्या घरी सगळे जातात. तुम्ही चौथ्या वर्षी जा, अकराव्या वर्षी जा. मुलाचं नाव तुम्ही आधी काढा. आई वाट बघत असते की कुणीतरी ते घेईल. ती 'तो आहे' अशा भाषेत बोलत असेल तर तुम्ही 'होता' म्हणून तिला दुरुस्त करू नका. 'आता सावरा', 'देशासाठी गेला', 'किती दिवस असं' ही वाक्यं दाराबाहेर ठेवा. मात्र ती जेवत नसेल, झोपत नसेल, मरणाचं बोलत असेल, तर नुसतं ऐकून निघून येऊ नका. तिच्याशेजारी बसून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा. क्रमांक १४४१६. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.